फादर लायन्स आणि शिवोलीचा चेंडू

कोणत्याही ख्रिस्तमंदिराचा महोत्सव आला म्हणजे पूर्वी होऊन गेलेल्या धर्मगुरूंची नामावली पुढे येते. पाया कोणी घातला, घंटा कोणी आणविली, शाळा कोणी काढली, कोणाच्या कारकिर्दीत मनोऱ्याचे काम पुरे झाले, हे सर्व आपण कृतज्ञतेने लिहून ठेवतो, आणि ते योग्यच आहे. परंतु परदेशातून आपल्याकडे आलेल्या धर्मगुरूंच्या काही देणग्या अशा आहेत की, त्यांची नोंद कोणत्याही शिलेवर कोरलेली आढळत नाही. त्यांचा शोध घ्यावयाचा तर संध्याकाळच्या वेळी मुले खेळत असतात त्या मैदानावर जावे लागते. अशा एका देणगीचा आणि ती देणाऱ्या पुरुषाचा वृत्तांत शिरूर व दौंड भागातील धर्मबांधवांपुढे ठेवावा, एवढाच ह्या लेखाचा हेतू आहे. त्या पुरुषाचे नाव फादर विल्यम रॉबर्ट लायन्स. ते ब्रिटिश होते. इ. स. १८८३ मध्ये बारदेशातील शिवोली ह्या गावी त्यांनी फुटबॉलचा खेळ सुरू केला, आणि गोव्यातील फुटबॉलचा इतिहास तेथूनच मोजला जातो.

गोव्यातील ही गोष्ट आम्हां पुणे जिल्ह्यातील लोकांस कशासाठी, असा प्रश्न कोणी करील. त्याला उत्तर असे की, दौंड हे गाव रेल्वेने वाढविले. ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेची पुण्याहून सोलापूरकडे जाणारी वाट येथून गेली, आणि १८७८ मध्ये दौंड-मनमाड मार्ग खुला झाल्यावर ह्या गावास जंक्शनचे महत्त्व आले. रेल्वेच्या नोकरीनिमित्त दूरदूरची कॅथलिक कुटुंबे येथे येऊन वसली; त्यांत गोव्याकडून आलेलीही होती. गोव्याच्या मुलांना नोकरीसाठी घर सोडण्याची विद्या कोणी शिकविली, हे पाहू गेल्यास आपण पुन्हा फादर लायन्स ह्यांच्याच दाराशी येऊन पोहोचतो.

शिरूरकरांना तर परक्यास आपला मानणे मुळीच नवीन नाही. घोडनदीच्या काठी इंग्रजांची छावणी होती त्या वेळी कर्नल वॉलेस हे १८०९ मध्ये तेथे वारले. आसपासच्या लोकांनी पुढे त्यांस सत्पुरुष म्हणून मान दिला. कोणा परदेशी माणसाचे काय टाकावे आणि काय ठेवावे, हा निवाडा अखेरीस गावचे लोकच करतात. फादर लायन्स ह्यांच्या बाबतीत लोकांनी चेंडू ठेवला.

त्या काळचा खेळ

शिवोलीस जो खेळ आला तो आजच्यासारखा नव्हता, हे आरंभीच ध्यानी घेतले पाहिजे. इंग्लंडात १८६३ मध्ये फुटबॉल असोसिएशन स्थापन झाली, आणि तेव्हा ह्या खेळाचे नियम लिहून काढण्यात आले. त्यापूर्वी दर शाळेचा नियम निराळा असे. डिसेंबर १८८२ मध्ये इंग्लंड, स्कॉटलंड, वेल्स व आयर्लंड येथील संघटनांची बैठक मँचेस्टर येथे भरली. गोलाच्या दोन खांबांवर आडवी दांडी असलीच पाहिजे आणि रेषेबाहेर गेलेला चेंडू दोन्ही हातांनी आत फेकला पाहिजे, असे तेव्हा सर्वांसाठी ठरले. म्हणजे फादर लायन्स ह्यांनी शिवोलीच्या मुलांपुढे चेंडू ठेवला, त्या सुमारास खुद्द विलायतेतही नियमांची शाई पुरती वाळली नव्हती. गोलास जाळे नव्हते, पेनल्टी नव्हती. ही दोन्ही १८९१ मध्ये आली. तोवर उभय पक्षांचा एकेक मध्यस्थ निवाडा देत असे, आणि त्या दोघांचे जुळले नाही तर मैदानाबाहेरच्या पंचाकडे दाद मागावी लागे. पंच मैदानात आला तोही १८९१ मध्येच. गोलरक्षकाने चेंडूस हात कोठवर लावावा, ह्याची आजची मर्यादा तर १९१२ मध्ये पडली.

ह्याच १८८३ सालात इंग्लंडात आणखी एक लक्षणीय गोष्ट घडली. ३१ मार्च रोजी लंडन येथे एफ. ए. कपच्या अंतिम सामन्यात ब्लॅकबर्न ह्या गिरणगावच्या ‘ब्लॅकबर्न ऑलिंपिक’ संघाने सरदार-सावकारांच्या ईटन शाळेतील माजी विद्यार्थ्यांचा संघ जादा वेळात दोन विरुद्ध एक अशा गोलांनी हरविला. तोपर्यंत हा चषक बड्या घरच्या लोकांनीच जिंकावा अशी रीत होती. ती कामकरी वर्गाने मोडली. ह्या संघातील जॅक हंटर नावाच्या खेळाडूने सामन्यापूर्वी आपल्या गड्यांना ब्लॅकपूल येथे नेऊन त्यांचा कसून सराव करून घेतला होता. आज ज्यास आपण प्रशिक्षक म्हणतो, त्याच्या कामाची ही सुरुवातीची एक ठळक खूण होय.

म्हणजे एकाच वर्षी दोन तऱ्हेचे शिक्षक कामास लागले. एकाने चषक जिंकण्यासाठी माणसे तयार केली. दुसऱ्यापुढे चषकच नव्हता. त्याच्यापुढे होती ती बारदेशातील मुले.

शिवोलीस आगमन

शिवोली हे शापोरा नदीच्या तीरावरील गाव, संत अंतोनीच्या मंदिरासाठी प्रसिद्ध. फादर लायन्स तेथे आले ते मोठी योजना मनाशी धरून नव्हे. त्यांची प्रकृती ढासळली होती, आणि हवापालट होऊन ती सुधारावी म्हणून ते तेथे राहिले. विश्रांतीसाठी आलेल्या माणसाने विश्रांती घेतली असती तर त्यास कोणी नावे ठेवली नसती. परंतु ख्रिस्ती शिक्षणाचा एक भाग म्हणून त्यांनी गावच्या मुलांस फुटबॉल शिकविण्यास आरंभ केला.

ख्रिस्ती शिक्षण आणि चेंडू ह्यांचा संबंध काय, हे समजून घेण्यासारखे आहे. त्या काळच्या इंग्रज शिक्षकांची अशी दृढ समजूत होती की, मुलाचे शील घडते ते नुसत्या पाठांतराने नव्हे. निवाडा मनाविरुद्ध गेला तरी तो मुकाट्याने मानणे, स्वतः गोल करण्याची संधी असता अधिक सोयीच्या जागी असलेल्या सोबत्यास चेंडू देणे, हरल्यावर जिंकणाऱ्याचा हात हाती घेणे, ह्या गोष्टी मैदानावर अंगवळणी पडतात. संत पौलानेही आपल्या पत्रांत शर्यतीचा व मल्लाचा दाखला देऊन आत्म्याच्या साधनेचे वर्णन केले आहे. तेव्हा हा विचार ख्रिस्तसभेला परका होता असे नाही. तथापि एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. ह्या समजुतीत राज्यकर्त्यांचा अहंकारही मिसळलेला होता. एतद्देशीय लोक दुर्बळ, त्यांस आमच्या खेळांनी पुरुष बनवावे, असे मानणारे इंग्रज त्या काळी पुष्कळ होते. देणगी चांगली असली म्हणजे देणाऱ्या समाजाच्या सर्व कल्पना चांगल्याच असतात असे नव्हे. मुलांनी खेळ घेतला, आणि ती समजूत कालांतराने मैदानावरच खोटी ठरविली.

आणखी एक नवल असे की, गोव्यावर राज्य पोर्तुगीजांचे, पण हा खेळ काही त्यांनी आणला नाही. पोर्तुगालच्या मदेइरा बेटावर १८७५ मध्ये फुटबॉल खेळला गेला होता खरा, परंतु त्या देशाच्या मुख्य भूमीवर कास्काइश येथे पिंतो बास्तो बंधूंनी भरविलेला प्रसिद्ध आरंभीचा खेळ १८८८ मधला. म्हणजे लिस्बनच्या परिसरात चेंडूची वार्ता पसरण्यापूर्वी पाच वर्षे शिवोलीची पोरे तो लाथाडीत होती. राज्यकर्त्यांच्या आधी प्रजा शिकली, अशी उदाहरणे इतिहासात थोडी आहेत.

खेळ रुजण्यास गोव्याची भूमीही अनुकूल होती. भात कापून नेल्यावर शेते मोकळी पडतात, आणि पुढील पावसापर्यंत गावोगाव आयते मैदान मिळते. बावीस जणांस एक चेंडू पुरतो. बूट नसले तरी अडत नाही. क्रिकेटास लागणारे साहित्य गरिबाच्या आवाक्याबाहेरचे. फुटबॉलला मात्र चार दगड मांडले की दोन्ही बाजूंचे गोल तयार होतात.

हडफडे येथील शाळा

प्रकृतीसाठी आलेला पाहुणा लौकर परत गेला असता तर शिवोलीचा चेंडू कदाचित त्याच्यामागे विस्मृतीत गेला असता. परंतु फादर लायन्स ह्यांनी १८८७ मध्ये सेंट जोसेफ ही इंग्रजी शिक्षणाची शाळा स्थापन केली. हडफडे येथील शाळा म्हणून ती सर्वत्र प्रसिद्धीस आली. एका गावचा छंद होता, त्याला आता वर्ग, वेळापत्रक व परंपरा मिळाली. दर वर्षी मुलांची नवी तुकडी येणार, आणि जुनी तुकडी खेळ शिकून बाहेर पडणार, अशी व्यवस्था झाली.

पोर्तुगीज मुलखात इंग्रजी शाळेची गरज का पडली, ह्याचे उत्तर पोटात आहे. गोव्यात उद्योगधंदे थोडे, शेती अपुरी. १८७८ मध्ये ब्रिटिश व पोर्तुगीज सरकारांत तह झाला, त्यातून मुरगावच्या रेल्वेचे काम निघाले, आणि ब्रिटिश मुलखाशी दळणवळण वाढले. मुंबई, पुणे, कराची येथील कचेऱ्या, आगबोटींच्या कंपन्या व रेल्वे ह्यांस इंग्रजी जाणणारे लोक हवे होते. पोर्तुगीज भाषेवर तेथे कोणाचे पोट भरणार नव्हते. म्हणून बारदेशातील आईबापांनी मुलांस इंग्रजी शाळेत घातले.

येथे ह्या इतिहासाची कडू-गोड बाजू दिसते. ज्या शाळेने मुलांना खेळ दिला, तिनेच त्यांना गाव सोडण्याची वाट दाखविली. जो स्वतः परदेशातून आला होता, त्याच्या शिकवणुकीने तयार झालेली मुलेही परमुलखास निघाली. मागे घरात म्हातारी माणसे व मनीऑर्डरीची वाट पाहणाऱ्या स्त्रिया राहिल्या. फादर लायन्स ह्यांस ह्याचा दोष देता येत नाही, कारण भुकेने हा मार्ग आधीच आखून ठेवला होता. पण शिक्षकाच्या कार्याचा हिशेब करताना गावाने काय मिळविले ह्याबरोबर काय गमावले, तेही मांडले पाहिजे.

राशोलहून गावोगाव

शाळेबरोबर दुसरा एक प्रवाह वाहत होता, तो धर्मगुरूंचा. साष्टीतील राशोल येथील गुरुविद्यालयाचे नाव मराठी ख्रिस्ती वाचकास नवे नाही. फादर थॉमस स्टीफन्स हे इंग्रज जेझुइट १५७९ मध्ये गोव्यास आले, त्यांनी आपली भाषा आत्मसात केली, आणि त्यांचे ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये राशोल येथेच छापले गेले. एका इंग्रजाची ओवी जेथून घरोघर गेली, तेथूनच सुमारे तीनशे वर्षांनंतर दुसऱ्या इंग्रजाचा चेंडू गावोगाव गेला, हा योग मोठा हृद्य आहे. तेथे शिकणारे तरुण फुटबॉल खेळू लागले. गुरुदीक्षा घेऊन ते निरनिराळ्या गावांत नेमले गेले, तेव्हा तेथील मुलांचे संघ त्यांनी उभे केले. मंदिराच्या पटांगणात दुपारी धर्मशिक्षण व संध्याकाळी फुटबॉल, असा क्रम पुष्कळ गावांत पडून गेला. फादर लायन्स ज्या गावांत कधी गेलेही नसतील, तेथे त्यांचा खेळ अशा रीतीने पोहोचला. पुढे १९४६ मध्ये सालेसियन संघाचे धर्मगुरू गोव्यास आले, आणि पणजीतील डॉन बॉस्कोच्या मैदानावर हीच परंपरा नव्या जोमाने चालू झाली.

मुंबईचे कूड व आपला मुलूख

गावाबाहेर पडलेला गोवेकर मुंबईस उतरला म्हणजे धोबीतलावाच्या आसपास आपल्या गावच्या कुडात राही. एकेका गावचे एकेक कूड. आगबोटीची वाट पाहणारा खलाशी, आचारी, वाजंत्री व कारकून, सर्व तेथे थोड्या भाड्यात राहात. संध्याकाळी सर्वांनी मिळून तेर्स म्हणावा असा शिरस्ता असे. अशा गावकीतून गावाच्या नावाचे फुटबॉल संघही निघाले, आणि मुंबईत खेळून परत गेलेल्या मंडळींनी नवा जोम व नवे डाव पुन्हा गावी नेले.

आपल्या महाराष्ट्रात हा खेळ मुख्यतः पलटणींबरोबर आला. मुंबईची रोव्हर्स कप स्पर्धा प्रथम १८९१ मध्ये जिंकली ती वूस्टर पलटणीने. गोऱ्या सैनिकांच्या ह्या खेळात एतद्देशीयांनी मान मिळविला तो हळूहळू. १९११ मध्ये कलकत्त्याच्या मोहन बागान संघाने ईस्ट यॉर्कशायर पलटणीस हरवून आय. एफ. ए. शील्ड जिंकली, तेव्हा सर्व देशात आनंद झाला. त्या अकरा जणांत बूट घालून खेळणारा एकच गडी होता, सुधीर चटर्जी, आणि तो ख्रिस्ती होता, हे आपणांस मुद्दाम सांगण्यासारखे आहे.

मुंबईच्या मैदानांवर बारदेशाने दिलेली दोन नावे येथे नोंदवितो. नेव्हिल डिसोझा ह्यांचा जन्म आसगावचा. १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये भारताने ऑस्ट्रेलियाचा चार विरुद्ध दोन असा पराभव केला, त्यांतील तीन गोल नेव्हिल ह्यांचे होते. ऑलिंपिक फुटबॉलमध्ये एका सामन्यात तीन गोल करणारे ते पहिले आशियाई खेळाडू, आणि भारत त्या वर्षी चौथा आला. दुसरे फोर्तुनातो फ्रांको, जन्म कोलवाळचा. १९६२ मध्ये जाकार्ता येथे आशियाई सुवर्णपदक जिंकणाऱ्या भारतीय संघात ते होते. शिवोली, हडफडे, आसगाव, कोलवाळ ही सर्व गावे एकाच तालुक्यातील आहेत. ह्या दोन्ही विजयी संघांचे मार्गदर्शक हैदराबादचे सय्यद अब्दुल रहीम हे मूळचे शाळाशिक्षकच होते, हा योगायोगही ध्यानात ठेवण्याजोगा आहे.

शंभर वर्षांनंतर

गोव्यात १९५१ मध्ये वास्कोचा संघ व १९५९ मध्ये गोव्याची फुटबॉल संघटना स्थापन झाली. १९६१ मध्ये गोवा मुक्त झाला आणि तेथील संघ सर्व भारताशी झुंजू लागले. १९८३ मध्ये, म्हणजे शिवोलीच्या आरंभास बरोबर शंभर वर्षे झाली असता, गोव्याने संतोष करंडक बंगालसह संयुक्तपणे मिळविला, आणि १९८४ मध्ये तो एकट्याने जिंकला. त्या काळी गोव्याचे गोलरक्षक होते ब्रह्मानंद शंखवाळकर, ज्यांनी भारताचे कर्णधारपदही भूषविले. ख्रिस्ती शिक्षणाचे साधन म्हणून आलेला खेळ धर्माची सीमा ओलांडून सर्वांचा झाला होता, हे ह्या एका नावावरूनही कळते. हडफड्याशेजारच्या कळंगुटच्या योलांदा डिसोझा ह्यांनी भारताच्या महिला संघातून खेळून आणखी एक सीमा मोडली. फादर लायन्स ह्यांच्या काळी मैदान केवळ मुलग्यांचे होते. २०१२ मध्ये गोवा सरकारने फुटबॉल हा राज्याचा क्रीडाप्रकार म्हणून जाहीर केला.

परदेशी शिक्षक पुढेही येत राहिले, पण आता ते वेतनावर व कराराने येऊ लागले. इंग्लंडचे हॅरी राइट ह्यांच्या हाताखाली १९६४ मध्ये भारत आशिया चषकात दुसरा आला. मोरोक्कोचे करीम बेंचेरिफा ह्यांनी २०१०-११ मध्ये साळगावकर संघास राष्ट्रीय लीगचे विजेतेपद मिळवून दिले. आपल्या पुण्यासही गोव्याचे ऋण आहे. गोव्याचे डेरिक परेरा ह्यांच्या मार्गदर्शनाखाली पुणे एफ. सी. हा संघ २०१२-१३ च्या मोसमात त्याच लीगमध्ये दुसऱ्या स्थानी पोहोचला. ज्या गोव्याने एके काळी परक्याकडून खेळ घेतला, तो आता इतरांस शिक्षक पुरवू लागला.

कारकिर्दीचे माप

प्रशिक्षकाचे मोठेपण आज चषकांवरून मोजतात. त्या मापाने फादर लायन्स ह्यांचे खाते कोरे आहे. परंतु शेतकऱ्याच्या मापाने पाहिले तर गोष्ट निराळी होते. त्यांनी पेरले ते मूठभर, आणि राखण करण्यास स्वतः सदैव उभे राहिले नाहीत. विद्यार्थ्यांनी ते बी उचलले, नव्या धर्मगुरूंनी गावोगाव नेले, परमुलखास गेलेल्यांनी आपल्या पेटीतून मुंबईस, पुण्यास, रेल्वेच्या वसाहतींत नेले. जो शिकवून झाल्यावर शिष्यांस मोकळे सोडतो, त्याचीच विद्या अशी दूरवर जाते.

धर्मबांधवहो, महोत्सवाच्या ह्या वर्षी आपण मंदिराची डागडुजी करू, देणगीदारांची नावे छापू, आणि जुन्या धर्मगुरूंसाठी मिस्सा अर्पण करू. त्याबरोबर आपल्या गावात मुलांस विनावेतन खेळ शिकविणारे कोणी शिक्षक, कोणी रेल्वेतील कामगार, कोणी सिस्टरबाई होऊन गेल्या असतील, त्यांची नावे वडीलधाऱ्यांस विचारून लिहून घ्यावीत; ती माणसे गेल्यावर विचारण्यास कोणी उरत नाही. आणि मंदिरालगत जी मोकळी जागा अजून शिल्लक असेल, ती मुलामुलींच्या खेळासाठी राखून ठेवावी. शिवोलीस एका आजारी पाहुण्यास जेवढी जागा पुरली, तेवढी आपणांसही पुरेल.